‘आजोबा विमानावर होते’ : युद्धकाळातला एक घरगुती फोटो कसा वाचावा

आजचा विषय आकाराने अगदी लहान आहे. पोस्टकार्डापेक्षाही लहान असा एक फोटो, एवढाच. तो भूगावातल्याच एका घरातला आहे. घरच्यांनी तो मला अभ्यासायला दिला, पण नावं सांगू नयेत आणि चित्रीकरणात फोटो दाखवू नये अशी त्यांची इच्छा आहे. ती आपण पाळू. त्यामुळे फोटो मला शब्दांतच सांगावा लागेल.

एक विमान उभं आहे. त्याच्यापुढे सहा तरुण आहेत, चार उभे आणि दोन उकिडवे बसलेले. सगळे खाकी अर्ध्या चड्डीत. मागे माळ आणि आकाश. फोटोच्या पाठीवर बॉलपेननं ‘१९४२’ लिहिलंय.

या फोटोबद्दल घरात दोन वाक्यं चालत आलेली आहेत. पहिलं असं, की पुढे उजवीकडे बसलेले आमचे आजोबा, ते पायलट होते, बर्मात त्यांनी विमान चालवलं. दुसरं असं, की मागच्या रांगेत डावीकडे उभा आहे तो त्यांचा धाकटा भाऊ, जो युद्धातून परत आलाच नाही. त्या धाकट्याचा चेहरा याच फोटोतून मोठा करून घेतलेला आहे. तो चौकटीत आहे, भिंतीवर आहे, त्याला हार आहे. आता गावातल्या माजी सैनिकांची एक स्मरणिका निघायची आहे. तिच्यात हा फोटो नावांसकट छापायचा, म्हणून घरच्यांनी मला विचारलं, की सर, खाली काय लिहायचं?

तुम्ही म्हणाल, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस विमानांत कुठे शिरला? तर मंडळी, ‘हे कशावरून?’ हा प्रश्न आमचाच आहे. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं सांगितली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. ही चारही साधनं या एका फोटोला लावून बघू.

प्रत्यक्ष : दिसतं ते काय?

पहिला प्रश्न, विमान खरं आहे का? हसू नका. जत्रेत फोटोवाला पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं रंगवलेलं विमान ठेवायचा, त्यात बसून आपल्याकडे हजारो लोकांनी फोटो काढून घेतलेत. स्टुडिओतही रंगवलेले पडदे असत. तेव्हा आधी सावली बघायची. इथे पंखाची सावली जमिनीवर आणि दोघांच्या खांद्यांवर पडलीय, आणि माणसांच्या सावल्याही त्याच दिशेला आहेत. म्हणजे विमान खरं.

दुसरा प्रश्न, फोटो उलटा छापलेला नाही ना? निगेटिव्ह उलटी ठेवली की डावं उजवं होतं. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी उजवीवर येते, ती इथे तशीच आहे. म्हणजे फोटो सुलटा. हे महत्त्वाचं अशासाठी, की हवाई दलात पंखांचा बिल्ला डाव्या छातीवर असतो. उलट्या फोटोत तो उजवीकडे दिसला, तर आपण भलतंच काहीतरी समजून बसू.

तिसरी गोष्ट रंगांची, आणि इथे डोळा फसतो. विमानाच्या अंगावर गोल खूण आहे. तिला राउंडेल म्हणतात. फोटोत तिची बाहेरची कडा काळसर, आतला पट्टा फिकट आणि मध्ये काळा ठिपका दिसतो. त्या घरातल्या एका मुलानं यावरून हे पकडलेलं जपानी विमान असावं असं ठरवलं होतं. वाईट तर्क नाही, पण त्या काळातल्या बऱ्याचशा फिल्मला लाल रंग दिसतच नसे. अशा फिल्मवर लाल काळा उमटतो, पिवळा गडद उमटतो आणि निळा जवळजवळ पांढरा. आता खूण पुन्हा वाचा. बाहेर पिवळं, मग निळं, मग पांढरं, मध्ये लाल. ही ब्रिटिश खूण झाली, आणि आपलं हवाई दल तेव्हा तीच वापरत असे.

म्हणून मी म्हणतो, ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ एवढं पुरत नाही. ज्या फिल्मनं पाहिलं, तिचे डोळे कसे होते हेही विचारावं लागतं.

उपमान : गवयाची गोष्ट

विमान कोणतं, हे कसं ओळखायचं? न्यायशास्त्रात उपमानाचं नेहमीचं उदाहरण गवयाचं आहे. शहरातल्या माणसाला कोणी सांगतं, की गवय नावाचा प्राणी गाईसारखा असतो. तो पुढे रानात जातो, गाईसारखं जनावर बघतो आणि म्हणतो, अरे, गवय म्हणतात तो हाच. दुसऱ्या महायुद्धात विमानं ओळखायचं शिक्षण नेमकं असंच दिलं जाई. पुढून, बाजूनं आणि खालून विमान कसं दिसतं याच्या काळ्या आकृत्या छापलेल्या असत. पहारेकऱ्यानं त्या पाठ करायच्या आणि मग आकाशाकडे बघायचं. त्यात चूक झाली तर आपल्याच विमानावर तोफ चालायची.

आपण आकृती जुळवू. पंख माणसांच्या डोक्यांच्याही वर आहे, म्हणजे विमान उंच पंखाचं. हा पंख अंगाजवळ अरुंद, मध्ये रुंद आणि टोकाला पुन्हा अरुंद होतो. त्याला खालून तिरक्या काठ्यांचा आधार आहे. चाकं आत ओढली जाणारी नाहीत, आणि त्यांच्यावर मोठ्या बुटासारखी आवरणं आहेत. नाकाशी गोल इंजिन आहे. ही सगळी लक्षणं एकत्र असलेलं, त्या काळात भारतात वापरात असलेलं विमान एकच: वेस्टलंड कंपनीचं लायसँडर. हरिकेन असतं तर पंख खाली असता. वापिती असतं तर पंखांच्या दोन जोड्या असत्या.

लायसँडर हे टेहळणीचं, दोघांचं विमान. पुढे पायलट, मागे गोळीबार करणारा किंवा निरीक्षक. अगदी थोड्या जागेत ते उतरायचं, म्हणून युरोपात रात्रीच्या अंधारात फ्रान्समध्ये गुप्तहेर सोडायला आणि परत आणायला त्याचा उपयोग झाला. आपल्याशी त्याचं आणखी एक नातं आहे. १९४१ साली मुंबईच्या युद्धनिधीतून भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला लायसँडर विमानं देण्यात आली. तीच स्क्वाड्रन फेब्रुवारी १९४२ मध्ये बर्मात टांगू इथे गेली. करुण कृष्ण मजुमदार तिचे प्रमुख होते. टेहळणीच्या या विमानांना अडीचशे पौंडी बॉम्ब लटकवून त्यांनी थायलंडमधल्या जपानी विमानतळावर हल्ला केला.

अनुमान : कधी आणि कुठे?

आता साल. पाठीवर १९४२ लिहिलंय, मग प्रश्न मिटला असं वाटेल. पण ते लिहिलंय बॉलपेननं, आणि बॉलपेन बाजारातच आलं ते महायुद्ध संपता संपता. आपल्याकडे घरोघर पोचायला पुढे आणखी वर्षं गेली. म्हणजे हा आकडा फोटोच्या वेळचा नाही, नंतर कोणीतरी आठवणीनं घातलेला आहे. तो चूक आहे असं नाही. पण तो साक्षीदार म्हणून उभा राहू शकत नाही.

मग साल विमानालाच विचारू. लायसँडर भारतीय स्क्वाड्रनांकडे साधारण १९४१ पासून होती, आणि १९४२-४३ मध्ये त्यांच्या जागी हरिकेन आली. दुसरा धागा त्या लाल ठिपक्याचा. जपानी विमानांवर लाल गोळा असे. त्याच्याशी घोटाळा होऊन आपलेच लोक आपल्याच विमानांवर गोळ्या झाडतील, म्हणून १९४२ च्या मध्याच्या सुमारास भारत-बर्मा आघाडीवरच्या विमानांवरून लाल रंग काढून टाकण्यात आला. आपल्या फोटोत लाल आहे. एखाद्या विमानावर तो काही महिने जास्त राहिला असेल, हे मान्य. तरी १९४१ ते १९४२ हा काळ बऱ्यापैकी पक्का होतो. बॉलपेनवाल्याचा आकडा या चौकटीत बसतो, पण आपण चौकट त्याच्यावरून बांधली नाही.

आणि जागा? घरचे म्हणतात लोहगाव. लोहगावचा तळ १९३९ चा, मुंबईच्या संरक्षणासाठी उभारलेला, तेव्हा शक्यता आहे. कोणी म्हणालं, की फोटोत डोंगर नाहीत, म्हणून हे पुणं नव्हे. इथे मीमांसकांचं एक साधन उपयोगी पडतं, अनुपलब्धी. एखादी गोष्ट न दिसणं हाही पुरावा असतो, पण कधी? ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. इथे कॅमेरा खालून वर धरलाय, आणि क्षितिजाचा मोठा भाग विमानानं झाकलाय. डोंगर असते तरी दिसले नसते. म्हणून डोंगर न दिसण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. जागेचा रकाना कोरा ठेवायचा.

शब्द : माणसं कोण?

आता अवघड भाग. विमानं कारखान्यात एका साच्यात होतात, माणसं होत नाहीत.

आधी कपडे बघू. मधल्या माणसाच्या डाव्या छातीवर दोन पंखांचा बिल्ला आहे. तो पायलट. मागे डावीकडच्या माणसाच्या छातीवर, भिंगाखाली बघितलं तर, एकच पंख दिसतो. तोही विमानातून उडणारा, पण पायलट नव्हे. लायसँडरच्या मागच्या जागेवर बसणारा. आणि आजोबा? त्यांच्या छातीवर काही नाही. बाहीवर दोन पात्यांचा पंखा आहे. घरच्यांना हीच पायलटची खूण वाटत होती, आणि कोणालाही वाटेल. पण तो हुद्दा लीडिंग एअरक्राफ्टमनचा. जमिनीवर काम करणारा, आपलं काम शिकून तयार झालेला हवाई सैनिक.

आकडेही हेच सांगतात. १९३३ मध्ये पहिली तुकडी उभी राहिली तेव्हा ४ वापिती विमानं होती आणि १९ हवाई सिपाही होते. हवाई सिपाही हा त्या वेळचा शब्द, फार छान आहे. युद्धाच्या शेवटी दलात सुमारे २८,५०० माणसं होती, आणि त्यांतले अधिकारी सुमारे १,६००. म्हणजे अठरांत एक. त्या अधिकाऱ्यांतलेही सगळे पायलट नव्हते. मुंबईत जन्मलेले हृषीकेश मुळगावकर १९४० मध्ये दलात आले आणि पुढे १९७६ साली हवाई दलप्रमुख झाले. त्यांचं नाव आपल्याला माहीत असतं. त्यांच्यासारख्यांचं विमान सकाळी उडायच्या स्थितीत ठेवणाऱ्यांची नावं माहीत नसतात.

मग ‘पायलट’ आलं कुठून? घरातल्या सर्वांत वृद्ध आत्यांना मी एकट्यानं भेटलो. त्या पंच्याऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांचं वाक्य असं होतं: “दादा विमानावर होता.” मंडळी, मराठी नीट ऐका. गिरणीत होता, बोटीवर होता, रेल्वेत होता, तसा विमानावर होता. बोटीवर असलेला माणूस कप्तान असतोच असं नाही. पण पुढच्या पिढीनं ‘विमानावर होते’चं ‘विमान चालवायचे’ केलं. कोणी खोटं बोललं नाही. एका ‘वर’ या प्रत्ययात पायलट जन्माला आला.

बर्माचं काय? ते खरं निघालं. ट्रंकेत एक सहा टोकांचा तारा होता, बर्मा स्टार. भारतीय सैनिकांना दिलेल्या त्या काळच्या पदकांवर नाव आणि क्रमांक कोरलेला असे, ही फार उपयोगाची गोष्ट आहे. त्याच्या पाठीवर आजोबांचा क्रमांक आहे, आणि आडनाव इंग्रज कारकुनानं मोडून तोडून लिहिलेलं आहे.

मोडलेल्या नावांवरून मुंबईच्या श्रीकृष्ण वेलिणकरांची आठवण होते. पहिल्या महायुद्धात जे चार भारतीय वैमानिक लढले, त्यांतले ते एक. ते २३ व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन चालवत. जून १९१८ मध्ये ते बेपत्ता झाले आणि जर्मनांच्या ताब्यात वारले. जर्मनांनी कबरीवर त्यांचं नाव इतकं बिघडवून लिहिलं, की ही कबर त्यांचीच हे ठरायला युद्ध संपावं लागलं. फ्रान्समध्ये हँगार्डला आज ती आहे. एका आडनावाच्या चार अक्षरांनी इकडे एक आई किती काळ टांगणीला लागते, याचा विचार करा.

सारखा आणि तोच

आता तो धाकटा भाऊ. इथे मी हळू बोलणार आहे.

घरात त्याचं एक पत्र आहे, बेळगावहून आलेलं, ऑगस्ट १९४२ चं. भरती होऊन दोन महिने झाले, असं त्यात लिहिलंय. बेळगाव म्हणजे मराठा पलटणीचं केंद्र. फोटोतला माणूस मात्र हवाई दलातला आहे, त्याच्या छातीवर पंख आहे, आणि तो पंख मिळायला कित्येक महिन्यांचं शिक्षण लागतं. जूनमध्ये पायदळात भरती झालेला मुलगा जवळपास त्याच सुमारास हवाई दलात शिकून तयार होऊन उभा राहिला, असं मानायचं तर एकावर एक योगायोग मानावे लागतील. अगदी अशक्य म्हणणार नाही. पण पुरावा त्या बाजूला नाही.

मग हा चेहरा निवडला कोणी? आत्या म्हणाल्या, “आई हा फोटो बघून म्हणायची, हा आपल्या धाकट्यासारखा दिसतो.”

वेदान्तात आणि न्यायात ओळखीचं प्रसिद्ध उदाहरण आहे: सोऽयं देवदत्तः, तोच हा देवदत्त. पूर्वी पाहिलेला आणि आता समोर असलेला, दोन्ही एकच, असं ज्ञान. त्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात. सादृश्य वेगळं. ‘त्याच्यासारखा’ आणि ‘तोच’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. या घरात त्या धाकट्याचा एकही फोटो नव्हता. आईला चेहरा हवा होता. ती प्रामाणिकपणे ‘सारखा’ म्हणाली. मग फोटो मोठा करून आणला, चौकट आली, हार आला, आई गेली, आणि ‘सारखा’ हा शब्द तिच्याबरोबर गेला.

मी हे सगळं घरच्यांपुढे ठेवलं. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आत्या म्हणाल्या, “चेहरा कुणाचा का असेना, हार तर त्याला घालतोय ना आम्ही.” मला हे पूर्ण पटतं. आपण मूर्तीची पूजा करतो तेव्हा देव असाच दिसतो असा दावा करत नाही. भिंतीवरची ती चौकट हे प्रतीक आहे, तिला हात लावायचं कारण नाही. पण स्मरणिका म्हणजे देव्हारा नाही. छापलेलं नाव हा दावा असतो. आणि या दाव्यात तिसरा एक पक्ष आहे: तो एक पंखवाला तरुण. तो कोणाचा तरी मुलगा होता. कदाचित तो परत आला असेल, म्हातारा झाला असेल. कदाचित आला नसेल, आणि कुठल्या तरी गावात त्याचे लोक त्याच्या चेहऱ्याच्या शोधात असतील. आपण त्याच्याखाली दुसऱ्याचं नाव छापलं, तर तो त्यांना कधीच सापडणार नाही.

शेवटी फोटोखाली हे ठरलं: भारतीय हवाई दलातले सहा जण, लायसँडर विमानापुढे, सुमारे १९४१-४२. पुढे उजवीकडे आजोबांचं नाव आणि लीडिंग एअरक्राफ्टमन हा हुद्दा. बाकीचे पाच अनोळखी. धाकट्या भावाचं नाव वेगळ्या पानावर, फोटोशिवाय, मराठा पलटण असं लिहून. नातवाला आधी वाईट वाटलं, पायलट गेला म्हणून. मी त्याला विचारलं, पावसात, चिखलात, तंबूच्या कापडाखाली जो माणूस दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेऊन स्क्रू आवळतो, त्याला कमी का समजायचं? तो हसला फक्त. पटलं की नाही, माहीत नाही.

घरी काय करायचं

थोडक्यात सांगतो. फोटोची पाठ आधी बघा, शाई कोणती हे बघा. पाठीवर नवीन काही लिहायचं तर मऊ पेन्सिलनं, आणि लिहिणाऱ्याचं नाव आणि आजची तारीख घालून. वडीलधाऱ्यांना एकेकटं विचारा, आणि ‘हे आजोबाच ना?’ असं विचारू नका. ‘हे कोण?’ एवढंच विचारा. त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवा, ‘वर’ आणि ‘सारखा’ सुद्धा. पदक असेल तर त्याची कड आणि पाठ बघा. क्रमांक मिळाला तर दलाच्या अभिलेख कार्यालयात चौकशी करता येते, मराठा पलटणीसाठी बेळगावला. जे परत आले नाहीत त्यांची नावं राष्ट्रकुल युद्धस्मारकांच्या नोंदीत असतात. बर्मात पडलेल्या सैनिकांसाठी तौक्यानचं स्मारक, कबर न सापडलेल्या हवाई सैनिकांसाठी सिंगापूरचं.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: सर, मोबाइलवर जुन्या फोटोत रंग भरता येतात. तसं केलं तर ओळखायला सोपं जाईल ना?

उत्तर: बघायला छान वाटेल, ओळखायला अवघड जाईल. आपण मघाशी पाहिलं, की काळा ठिपका म्हणजे लाल, आणि फिकट पट्टा म्हणजे निळा. यंत्र फिल्म कोणती हे विचारत नाही, अंदाजानं रंग भरतं. त्यानं ठिपका काळाच ठेवला तर तुमचा सालाचा पुरावा गेला. रंगवलेली प्रत वेगळी ठेवा, मूळ फोटोची प्रत जशीच्या तशी.

प्रश्न: म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर मग विश्वासच ठेवायचा नाही का?

उत्तर: उलट आहे. आत्यांचे दोन्ही शब्द बरोबर होते, बिघडवले ते ऐकणाऱ्यांनी. आणखी एक सांगतो. आपल्या डोंगरापलीकडे, खडकवासल्याच्या काठावर, युद्धात लढाऊ जहाज होतं असं कोणी सांगितलं तर तुम्ही हसाल. घाटमाथ्यावर जहाज कुठून येणार? पण सैन्याला समुद्रातून किनाऱ्यावर उतरायचं शिकवण्यासाठी तिथे खरोखरच जहाजाची प्रतिकृती उभारलेली होती, एच.एम.एस. अँगोस्तुरा नावाची. पुढे त्याच परिसरात एनडीए आलं. तेव्हा ऐकलेलं लगेच खोडू नका आणि लगेच छापूही नका. आधी लिहून ठेवा. तपासायला वेळ असतो, विचारायला तेवढा नसतो.